पट्ट्याची बखर

पट्टा म्हटलं की मराठी माणसाला एक तर दांडपट्टा आठवतो, नाही तर वडिलांचा कमरेचा पट्टा. दोन्ही आता इतिहासजमा झाले. तिसरा एक पट्टा मात्र कित्येक मोटारींच्या इंजिनात अजून गुपचूप फिरत असतो. त्याची बखर कोणी लिहीत नाही, म्हणून हा कारकुनी खटाटोप.

त्याचं नाव टायमिंग बेल्ट. पिस्टन वरखाली झाले की खाली क्रँकशाफ्ट फिरतो. वरचा कॅमशाफ्ट झडपांची उघडझाप करतो. खालच्याच्या दोन फेऱ्यांत वरच्याची बरोबर एक व्हायला हवी. हा हिशेब पूर्वी दातेरी चक्रं किंवा साखळी ठेवीत असे. कुर्ल्याला बनणाऱ्या आपल्या प्रीमियर पद्मिनीतही साखळीच होती. साखळीचा एक मोठा गुण: म्हातारी झाली की खडखडते. म्हणजे रीतसर नोटीस देते.

पट्ट्याचं घराणं मात्र शिंप्याचं. १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी आतून दाते असलेला रबरी पट्टा काढला तो सिंगरच्या शिवणयंत्रासाठी. सुई आणि बॉबिन यांचं जमावं, एवढीच माफक अपेक्षा! १९५४ साली बिल डेव्हिन या अमेरिकन गृहस्थानं तो शर्यतीच्या गाडीत बसवला आणि १९५६ साली त्या गाडीनं तिथलं राष्ट्रीय अजिंक्यपद मारलं. १९६२ साली बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास कंपनीनं तो आपल्या १००४ या विक्रीच्या मोटारीत घातला. ही कंपनी मूळची पेरणीयंत्रं करणारी. शिंप्याची वस्तू शेतकऱ्याच्या मित्रानं मोटारवाल्याला दिली, असा हा प्रकार. १९६६ साली बीएमडब्ल्यूनं ग्लास विकत घेतली, आणि त्याच वर्षी फियाटच्या नव्या इंजिनातही पट्टा आला. स्वस्त, हलका, आवाज नाही. जावई शोधताना याहून जास्त काय बघतात?

पण जावयाला तेलाचं वावडं. साखळी तेलात सुखानं नांदते. पट्ट्याला तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. म्हणून कॅमशाफ्ट जिथून बाहेर डोकावतो तिथे तेल अडवणारं एक कडं असतं, ऑइल सील. त्याचंही घराणं असंच भलतीकडचं. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग कंपनी १८४९ पासून कातडी कमावणारी. १९३० च्या दशकात तिनं चामड्याची अशी कडी बाजारात आणली आणि त्याच दशकात चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं.

आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ आपल्या जुन्या मारुती ८०० चा पट्टा आवारातच बदलतात. बॅटरी धरण्याचं काम माझ्याकडे. "साहेब, उजेड खुणेवर पाडा, माझ्या टकलावर नको!" आधी दोन्ही चाकांच्या खुणा जुळवायच्या. मग ताण सैल करून पट्टा काढायचा, वरचं चाक सोडवायचं, आणि दांड्यावर ओरखडा न उठवता जुनं सील उचकटायचं. नव्या सीलच्या ओठाला तेलाचं बोट लावायचं आणि चहूबाजूंनी सारखं ठोकत बसवायचं. पट्टा चढवून ताणला की हातानं इंजिनाला दोन पूर्ण फेऱ्या द्यायच्या आणि खुणा पुन्हा बघायच्या. आमच्याकडे याला रोकड दोनदा मोजणं म्हणतात.

काढलेला पट्टा बघून वहिनी म्हणाल्या, "अहो, हा तर चांगला धडधाकट दिसतोय!"

खरी गोम तिथेच आहे. पट्टा म्हातारा दिसत नाही, खडखडत नाही. तुटतो तो अर्ज न देता, आणि कित्येक इंजिनांत त्या क्षणी पिस्टन उघड्या झडपांवर आदळून त्या वाकवतो. मग शेकड्यांत भागणारं काम हजारांवर जातं. सीलची किंमत तर त्याहून किरकोळ. पण ते कडक होऊन पाझरू लागलं की नव्या पट्ट्याचीही वाट लागते. म्हणून दोन्ही एकाच वेळी बदलायचे, आणि दिसण्यावर न जाता मुदतीवर जायचं.

मुदत ही गोष्ट मला कळते. घरात, संसारात, बँकेतसुद्धा, न कुरकुरणाऱ्याकडे आपण बघायचं विसरतो. कुरकुरणाऱ्याला मात्र लगेच तेल मिळतं.

"लिहा," भाऊ हात पुसत म्हणाले. मी त्यांच्या वहीत तारीख घातली, किलोमीटरचा आकडा घातला, आणि सवयीनं खाली सही ठोकली.