थेम्सच्या तळाला मातीचं ठिगळ

आजचा एपिसोड चिकणमातीवर. आपल्या गणपतीची शाडू असते ना, त्याच जातीची.

१८२५ साली लंडनमध्ये मार्क ब्रुनेलनं थेम्स नदीखालून बोगदा खणायला घेतला. खोल गेलात तर खाली वाहती वाळू लागेल, असं भूगर्भतज्ज्ञांनी बजावलेलं, म्हणून बोगदा नदीच्या तळाच्या जवळच ठेवला. बोअर घेतले तेव्हा चिकणमातीचा सलग थर दिसला होता. प्रत्यक्षात तो मध्येच विरळ निघाला. त्यात खडी उपसून नदीच्या तळाला खड्डा पडलेला.

१८ मे १८२७ ला नदी आत घुसली. पाणी उपसायचं तरी किती? नदी परत भरणारच. साईट सांभाळणारा मार्कचा मुलगा इझाम्बार्ड, वय २१, डायव्हिंग बेलमध्ये बसून नदीत उतरला आणि भोक वरूनच बघून आला. मग होड्यांतून चिकणमातीची पोती त्या भोकावर टाकली. का चिकणमाती? तिचे कण इतके बारीक असतात की दाबली की फटीफटीत जाऊन बसते. वाळूतून पाणी पळतं, हिच्यातून धड झिरपतही नाही. पोती बसली, पाणी उपसता आलं.

नोव्हेंबरमध्ये त्याच बोगद्यात थाटात मेजवानी झाली. मला इथे आमच्या ऑफिसातला पॅच आठवतो. एरर गेला की केक कापायचा, तशीच दुसरी चूक कुठे आहे हे बघायचंच नाही. इथे एक भोक बुजलं होतं, पुढची जमीन तशीच होती. १२ जानेवारी १८२८ ला नदी पुन्हा फुटली. सहा कामगार बुडाले. इझाम्बार्ड जखमी होऊन कसाबसा वाचला. पुन्हा माती टाकली, पण पैसे संपले आणि काम सात वर्षं बंद.

गंमत म्हणू की दुर्दैव? मार्क मूळचा फ्रान्सच्या नॉर्मंडीचा. तिथेच, दिएप बंदरात, शार्ल बेरिन्यीनं १८०२ मध्ये पाण्यात कालवलेली चिकणमाती दाबून थेट जमिनीत घातली होती. आजचं ग्राउटिंग त्याच वाटेचं. नदी फुटायची वाट न बघता खणण्याआधीच बेंटोनाइट नावाची चिकणमाती, बरेचदा सिमेंट मिसळून, जमिनीच्या पोकळ्यांत भरतात.

थेम्सखालचा बोगदा अखेर २५ मार्च १८४३ ला उघडला. रॉदरहाइथ ते वॉपिंग, आजही त्यातून लोकल धावते.