राजाचा जिना आणि पाण्याची वाट

मागे याच व्याख्यानमालेत आम्ही मुंबईच्या गोदीसंबंधी बोललो होतो. या खेपेस चालकांनी आग्रह धरला की, काही परदेशचे सांगा. आमचा परदेश म्हणजे एकुलता एक. गोदी कामगारांच्या एका मेळाव्यासाठी आम्ही इटलीस गेलो होतो. मेळावा आटोपल्यावर तेथील सोबत्यांनी आम्हांस सार्डिनिया बेटाच्या उत्तर टोकाला नेले, बोटीत बसविले आणि तासाभरात समोरच्या कोर्सिका बेटावर बोनिफाचिओ या गावी उतरविले. त्या गावाचा आणि त्याच्या पायथ्याच्या किनाऱ्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्री, सभासदांची गर्दी ओसरल्यावर. म्हणून इतिहासाला आम्ही विचारतो ते प्रश्नही कामगाराचेच असतात: हे कोणी केले, किती दिवसांत केले, आणि नाव कोणाचे लागले?

बोटीतून प्रथम दिसतो तो पांढराशुभ्र कडा. चुनखडीचे थर एकावर एक रचलेले, जणू गोदीत पोत्यांची थप्पी लावावी तसे. लाटांनी तळ खाऊन टाकला आहे, त्यामुळे कडा खाली आत गेलेला आणि वर पुढे झुकलेला. त्या झुकलेल्या कडेवर अगदी टोकाशी चार-पाच मजली घरे उभी आहेत. खाली समुद्रात कड्यापासून सुटलेला एक प्रचंड धोंडा आहे. त्याला लोक ‘वाळूचा कण’ म्हणतात. थट्टा करण्याची ही रीत आम्हांस आवडली.

नवव्या शतकात टस्कनीच्या बोनिफास नावाच्या सरदाराने येथे किल्ला बांधला असे सांगतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस जिनोआच्या व्यापारी प्रजासत्ताकाने गाव जिंकले, जुन्या रहिवाशांना हुसकून लावले आणि आपली माणसे सवलती देऊन आणून वसविली. त्या वसाहतीची खूण भाषेत उरली: बोनिफाचिओची जुनी बोली कोर्सिकन नाही, ती जिनोआकडची आहे. आता ती बोलणारे थोडे राहिले आहेत. १७६८ साली जिनोआने बेटावरील आपला हक्क फ्रान्सला दिला.

आता त्या जिन्याकडे येऊ. कड्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढल्यासारखा एक जिना कोरलेला आहे. पायऱ्या १८७. नाव ‘अ‍ॅरागॉनच्या राजाचा जिना’. १४२० साली अ‍ॅरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने गावाला वेढा घातला. तो कित्येक महिने चालला. गावकऱ्यांनी उपाशीपोटी तग धरला, आणि १४२१ च्या आरंभी जिनोआचे आरमार मदतीस आल्यावर राजाला वेढा उठवावा लागला. दंतकथा अशी की, या वेढ्यात राजाच्या सैनिकांनी एका रात्रीत हा जिना खोदला.

आम्ही तिकीट काढून तो जिना उतरलो. वाट इतकी अरुंद आणि उभी की चढणाऱ्याला उतरणाऱ्याने भिंतीला चिकटून जागा द्यावी. खाली बसून आम्ही हिशेब केला. अशा ठिकाणी एका वेळी घण मारू शकतील दोन, फार तर तीन माणसे. राजाकडे हजारो सैनिक असतील, पण हजारांना त्या कड्यावर पाय ठेवायला जागा नाही. आणि डोक्यावर गाव जागे, पहारा जागा. छिन्नीचा आवाज त्यांस ऐकू येत नव्हता काय? ज्याने एक दिवसही हातात घण धरला आहे तो या गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही.

जाणकारांचे मतही असेच आहे की, जिना वेढ्याच्या कितीतरी आधीपासूनचा असावा आणि तो पाण्यासाठी असावा. खाली कड्याच्या पोटातील एका गुहेत गोडे पाणी आहे. चुनखडीतून झिरपत आलेले पावसाचे पाणी समुद्राच्या इतक्या जवळ येऊन साठते. तेव्हा हा जिना म्हणजे आपल्याकडची पायविहीरच म्हणावयाची. फक्त विहीर जमिनीत न खणता कड्यात खणली आहे. शत्रूला वर नेणारी नव्हे, तहानलेल्याला खाली नेणारी ही वाट. आपल्याकडे जुन्या देवळाखाली उभे राहून विचारावे, हे कोणी बांधले, तर उत्तर तयार असते: पांडवांनी, एका रात्रीत. पाथरवटाचे नाव कोणी सांगत नाही. कोर्सिकातही पांडव आहेत. तेथे त्यांचे नाव आल्फोन्सो.

पाण्याची ही चिंता गावभर दिसते. अरुंद गल्ल्यांवरून एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत दगडी कमानी टाकलेल्या आहेत. आम्हांस वाटले, भिंतींना आधार म्हणून असतील. आधार तर आहेच, पण त्यांच्या पाठीवर पन्हळी आहेत. छपरांवरचे पावसाचे पाणी त्यांतून टाक्यांत जाते, आणि मोठ्या देवळाच्या पुढील ओसरीखाली साऱ्या गावाचे सामायिक टाके होते. असे गाव वेढ्यात टिकते ते तटबंदीइतकेच या पन्हळींच्या जोरावर.

गावाच्या वेशीजवळ सेंट रॉकचे छोटे देऊळ आहे. १५२८ च्या प्लेगने गावातील बहुसंख्य माणसे नेली. शेवटचा बळी येथे पडला असे म्हणतात. तेथूनच एक पायवाट कड्याखालच्या ‘सुत्ता रोक्का’ या छोट्या पुळणीवर उतरते. सुत्ता रोक्का म्हणजे खडकाखाली. पश्चिमेला फात्सियो, पारागान अशा खोल, अरुंद खाड्या. पूर्वेला पियांतारेल्लाची उथळ पुळण. तेथे किनाऱ्यालगत रोमन काळच्या इमारतीचे अवशेष आहेत. तेथून पुढे चुनखडी संपून तांबूस-करडा ग्रॅनाइट लागतो आणि समोर लावेत्सी बेटे दिसतात.

या बेटांपैकी काव्हालो आणि सान बाईन्सू येथे रोमन लोकांच्या ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. अर्धवट घडविलेले खांब अजून तेथे पडून आहेत. काम का थांबले हे खांब सांगत नाहीत. छिन्नीच्या खुणा मात्र स्पष्ट आहेत. आज काव्हालोवर धनिकांचे बंगले आहेत.

लावेत्सीवर दोन छोटी कबरस्ताने आहेत. १८५५ सालच्या फेब्रुवारीत फ्रान्सचे ‘सेमियांत’ हे जहाज तूलोंहून क्रिमियाच्या लढाईसाठी सैनिक घेऊन निघाले. १५ फेब्रुवारीला तुफानात सापडून ते येथील खडकांवर आदळले. सुमारे सातशे माणसे होती. एकही वाचला नाही. पुढे कित्येक दिवस या कोनाकोपऱ्यांतील वाळूवर प्रेते लागत राहिली. कप्तान ओळखता आला. बाकीच्यांत बहुतेक खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची पोरे. त्यांच्या कबरींवर नाव नाही. अल्फोन्स दोदे याने यावर कथा लिहिली म्हणून जगाला ही गोष्ट माहीत झाली. आम्ही तेथे टोपी काढून थोडा वेळ उभे राहिलो. सोबती बोलके, पण तेव्हा कोणी बोलले नाही.

आता प्रश्न उरतो: हा काठ कोणाचा? रोमन सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्रकाठ हे सर्वांच्या समाईक मालकीचे. १६८१ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राज्यात कोल्बेरने तयार करविलेल्या सागरी फर्मानात काठाची हद्द ठरली: मार्चच्या मोठ्या भरतीचे पाणी पोचते तेथपर्यंत. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच, म्हणून तेथे निराळे माप चाले; १९७३ साली फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दोन्ही किनाऱ्यांना एकच नियम लावला. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या खाजगी जमिनीतून तीन मीटर रुंदीची पायवाट लोकांसाठी राखली. आणि ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने सांगितले की, पुळणीचा मूळ उपयोग म्हणजे लोकांनी तेथे मोकळेपणाने, फुकट वावरणे. शिवाय वस्तीबाहेर काठापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम नाही.

म्हणजे काव्हालोच्या बंगलेवाल्याचे फाटक कितीही उंच असो, त्याच्या समोरची वाळू त्याची नव्हे. अर्थात तेथे पोचायला नाव हवी, नावेला पैसे हवेत. कायद्याने दिलेला हक्क आणि खिशात असलेला हक्क यांत अंतर असते, हे पगाराच्या करारावर सह्या करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

शेवटच्या दुपारी आम्ही पुन्हा सुत्ता रोक्कावर उतरलो. वरच्या खानावळीतील दोन पोरे सुट्टीच्या तासात ॲप्रन खांद्यावर टाकून तेथे आली होती. त्यांनी पाव खाल्ला, पाण्यात डुबकी मारली आणि ओल्या केसांनीच कामावर परत चढून गेली. कोणी तिकीट विचारले नाही. आम्ही मुंबईच्या गोदीत उभी हयात घालविली. समुद्र चार पावलांवर, पण तो पाहिला दोन जहाजांमधल्या फटीतून, आणि घरच्या मंडळींना तर भिंतीच्या बाहेरून तेवढाही दिसला नाही. आम्ही पायताण काढून पाण्यात गेलो. पाणी मेअखेरीसही चांगलेच थंड होते.