रेड (घरगुती संगणकातील)

रेड : दोन किंवा अधिक हार्ड डिस्क एकत्र बांधून संगणकाला त्या एकच डिस्क वाटतील अशी केलेली रचना. आयकर खात्याच्या धाडीशी तिचे नाते उच्चारापुरतेच. 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले. पुढे महागड्या डिस्कांचे संच विकणाऱ्यांना 'इनएक्स्पेन्सिव्ह' हा शब्द अडचणीचा वाटू लागला आणि त्याच्या जागी 'इंडिपेंडंट' आला. ही नोंद कार्यालयांतल्या सर्व्हरविषयी नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरातल्या फ्लॅटमध्ये टेबलाखाली ठेवलेल्या संगणकासाठी यातले काय घ्यावे, एवढाच तिचा विषय आहे.

उगम : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कात्झ यांनी १९८८ साली शिकागोच्या परिषदेत मांडलेल्या निबंधातून ही कल्पना रूढ झाली. त्या काळी मोठ्या संगणकाला आयबीएम ३३८० ही कपाटाएवढी डिस्क लागे. तिची क्षमता सुमारे ७,५०० मेगाबाइट. वैयक्तिक संगणकातली कॉनर कंपनीची डिस्क १०० मेगाबाइटची, पण हातात मावणारी आणि स्वस्त. पाऊणशे लहान डिस्कांत मोठीचे काम भागेल, हा सरळ हिशेब. अडचण मरणाची होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या संचातली एखादी ३०० तासांत, म्हणजे पंधरवडा उलटायच्या आत जाणार. म्हणून गेलेल्या डिस्कवरची माहिती उरलेल्यांवरून पुन्हा उभी करता यावी, यासाठी काही जागा जादा राखायची. रेडचे मर्म या राखीव जागेत आहे. मूळ निबंधात १ ते ५ असे पाच स्तर होते. ० आणि ६ नंतर जोडले गेले.

स्तर : रेड ० मध्ये माहितीचे पट्टे पाडून ते आळीपाळीने दोन्ही डिस्कांवर लिहितात. ४ टेराबाइटच्या दोन डिस्कांतून ८ टेराबाइट मिळतात आणि वेग जवळपास दुप्पट होतो. राखीव जागा मात्र शून्य, म्हणूनच आकडाही शून्य. एक डिस्क उडाली की दोन्हींवरचे सगळे गेले. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट असताना याला अर्थ होता. आज सुपारीच्या पुड्याएवढी एक एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला हजारो मेगाबाइट वाचते. घरी रेड ० करण्याचे कारण आता उरलेले नाही.

रेड १ म्हणजे आरसा. जे एका डिस्कवर लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर. ४ टेराबाइटच्या दोन डिस्कांतून वापराला ४च मिळतात. (विंडोज ३.६३ दाखवते. दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या.) अर्धे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात, पण या रचनेचा साधेपणा हाच तिचा मोठा गुण आहे: प्रत्येक डिस्कवर सगळी माहिती अखंड असते.

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. तिची युक्ती समजायला किराणा दुकानदाराची वही पुरे. एका पानावर ५ लिहिले, दुसऱ्यावर ३, आणि तिसऱ्यावर बेरीज ८. पहिले पान फाटले तर ८ मधून ३ वजा करून ५ परत मिळतात. डिस्कवर बेरजेऐवजी बिटांची सम-विषम तुलना लिहितात, तिला पॅरिटी म्हणतात, आणि ती एकाच डिस्कवर न साठवता सगळ्यांवर वाटून ठेवतात. ४ टेराबाइटच्या तीन डिस्कांतून ८ टेराबाइट वापराला मिळतात. रेड ६ मध्ये पॅरिटी दोन. किमान चार डिस्क, आणि दोन गेल्या तरी चालते. रेड १० म्हणजे आरशांच्या जोड्यांवर पट्टे, त्यालाही चार. २, ३ आणि ४ हे स्तर घरात भेटणार नाहीत.

पुनर्बांधणी : एखादी डिस्क मेल्यावर नवी बसवून संच पूर्ववत करणे. रेडची परीक्षा इथे होते आणि विक्रेत्याच्या तोंडी हा विषय क्वचित येतो. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने अखंड भरली तरी साडेसात तास लागतात; मधे कोणी संगणक वापरत राहिले तर दिवस. तेवढा वेळ उरलेल्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या मेलेल्या डिस्कच्याच वयाच्या असतात. चार डिस्कांच्या रेड ५ मध्ये उरलेल्या तिघींवरून १२ टेराबाइट वाचायचे. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १०चा चौदावा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते; म्हणजे साडेबारा टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्का या आकड्याहून बऱ्याच चांगल्या वागतात. तरीही मोठ्या डिस्कांवर रेड ५ बांधणे आता शहाणपणाचे मानत नाहीत, ते याच हिशेबामुळे.

दुसरा फास एसएमआर डिस्कांचा. कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या या डिस्का स्वस्त पडतात, पण सलग मोठे लेखन आले की रांगायला लागतात. पुनर्बांधणी म्हणजे तर फक्त तेच. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (लाल या अर्थी) या, खास अशाच संचांसाठी विकल्या जाणाऱ्या मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्का एसएमआर असल्याचे उघड झाले आणि गदारोळ उठला. घेताना डिस्क सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी, आहे ना, हे मॉडेल क्रमांकावरून पाहून घ्यावे.

मीरा-भाईंदरमधील परिस्थिती : ठाणे जिल्ह्यातले हे शहर, महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ पासून, लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८,०९,३७८. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मधे मिठागरांची सखल जमीन. हवा दमट आणि खारी, त्यामुळे केबलींची टोके आणि जोडण्या गंजतात. पुष्कळदा 'डिस्क गेली' म्हणून दुकानात नेलेली डिस्क साटा केबल बदलताच जिवंत होते. ती आधी बदलून पाहावी. एकावर एक दोन-तीन डिस्का बसवल्या तर मे महिन्यात त्यांच्यापुढे पंखा हवाच. बहुतेक घरगुती डिस्कांची मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते.

विजेचे म्हणाल तर इथला पुरवठा मुंबईच्या जाळ्याशी बांधलेला आहे आणि सहसा भरवशाचा. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज एका झटक्यात गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. रेड ५ ला नेमका हाच क्षण घातक: माहिती लिहून झाली, पॅरिटी लिहायची राहिली आणि लाईट गेली. दोन्हींचा मेळ तुटतो, आणि तो तुटल्याचे पुढे कधी तरी पुनर्बांधणीच्या वेळी कळते. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नये. पंखा गरगरत राहतो, पण पालट होण्याच्या त्या निमिषात संगणक बंद पडू शकतो. संगणकासाठी वेगळा लहान यूपीएस घ्यावा. काम करायला नव्हे, नीट बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळाली तरी पुरे.

खरेदी : इथला माणूस लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला जातो. तिथे एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून निघालेल्या जुळ्या डिस्का घेऊ नयेत. एकाच दिवशी जन्मलेल्या आणि एकाच उष्म्यात राहिलेल्या डिस्का जवळजवळ एकाच वेळी आजारी पडू शकतात. एक एका कंपनीची, दुसरी दुसऱ्या कंपनीची, आकार सारखा, एवढे चालते. हमीच्या काळात डिस्क बिघडली तर कंपनी डिस्क बदलून देते, आतले फोटो देत नाही.

मदरबोर्डच्या बायोसमधली रेड टाळावी. बोर्ड जळाला की तसाच दुसरा शोधत फिरावे लागते. लिनक्सवरची एमडीअ‍ॅडम, विंडोजवरची स्टोरेज स्पेसेस किंवा झेडएफएस ही सॉफ्टवेअरची रेड दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाते. आणि कुठलीही घेतली तरी बिघाडाची सूचना येईल अशी सोय आधी करावी. आरशातली एक डिस्क सहा महिन्यांपूर्वीच मेलेली असते, कामे बिनबोभाट चालू असतात, आणि दुसरी गेल्यावर घरात बोंब होते. घरगुती रेडमध्ये माहिती जाण्याची ही फार ओळखीची रीत आहे.

मर्यादा : रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते, बाकी कशापासूनही नाही. मुलाने चुकून फोल्डर पुसले तर आरसा ते इमानाने दोन्हीकडे पुसतो. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला तर दोन्ही डिस्का एकदम कुलूपबंद. चोर डबा उचलतो तेव्हा संचासकट उचलतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावर कंबरभर पाणी येते तेव्हा डिस्का दोन आहेत की सहा, याने काही फरक पडत नाही. त्यामुळे रेड हा बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम घरालाही लागू पडतो. दुसरे ठिकाण म्हणजे शेजारचा फ्लॅट नव्हे. डोंबिवलीची बहीण किंवा गावचे घर. इंटरनेटवर ठेवायचे तर १०० मेगाबिटच्या जोडणीवरून १ टेराबाइट चढवायला अखंड २२ तास लागतात, हे धरून चालावे.

निवड : घरचे फोटो, बँकेची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प एवढेच असेल तर रेडची गरज नाही. लग्नांचे व्हिडिओ किंवा मालिकांचे संकलन घरी करणाऱ्याचे गणित वेगळे: १०० मेगाबिटने घेतलेले चित्रण तासाला ४५ गिगाबाइट होते आणि डिस्क मेली म्हणून ग्राहकाला दोन दिवस थांबवता येत नाही. त्याने रेड १ घ्यावी. ८ टेराबाइटहून अधिक लागत असेल तर चार डिस्कांची रेड १० किंवा ६. रेड ५ चा मोह आवरावा. आणि ज्याच्यापाशी दोनच डिस्कांपुरते पैसे आहेत त्याने आरसा बांधूच नये: एक संगणकात बसवावी, दुसरी बाहेरच्या डबीत घालून महिन्यातून एकदा तिच्यावर नक्कल काढावी आणि ती डबी बहिणीकडे ठेवून यावी.