सोवळे आणि शुश्रूषा

कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या कराडच्या प्रीतिसंगमावर पहाटे स्नानास उतरणाऱ्या माणसाला शुचितेचे महत्त्व कोणी नव्याने पटवून देण्याची गरज नव्हती. पाय धुतल्यावाचून उंबरा ओलांडू नये, पारोशाने चुलीपाशी जाऊ नये, सुवेरात कोणास शिवू नये, ही कलमे घरोघर तोंडपाठ होती. असे असूनही जिथे शुचितेची गरज सर्वांत अधिक, ती बाळंतिणीची खोली मात्र घरातली सर्वांत अंधारी आणि कोंदट असे. बाळंतीण दहा दिवस विटाळलेली, म्हणून तिच्यापासून इतरांनी जपायचे. सुईणीच्या हातापासून तिला जपावे, हे कोणाच्या स्वप्नीही येत नसे. नाळ विळ्याने किंवा हाताशी येईल त्या पात्याने कापली जाई, आणि आठवडाभरात मूल धनुर्वाताने ताठ होऊन गेले की खापर सटवीच्या माथी फुटे. यात एकट्या सुईणीला दोष देणे अन्यायाचे होईल. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवावयास लावले आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखविले, तरी तेथील पंडितांनीही ते गोडीने मानून घेतले नव्हते.

आमचे सोवळे शिवणाऱ्याच्या रक्षणासाठी होते. ज्याला शिवायचे, त्याच्यासाठी नव्हते. ही दिशा उलटली कशी, हाच आमच्या मुलखातील रुग्णशुश्रूषेचा इतिहास होय, असे मला वाटते. आणि त्यातील दोन ठळक स्त्रिया जुन्या सातारा जिल्ह्याच्याच लेकी निघाव्यात, याचा मला थोडा अभिमानही वाटतो.

पहिली नायगावची. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. पुत्र डॉ. यशवंत याने शहराबाहेर उघडलेल्या दवाखान्यात त्या स्वतः रोगी आणून घालीत. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत सिद्ध केले ते १८९८ साली, म्हणजे त्यानंतर एका वर्षाने. सावित्रीबाईंच्या त्यागापुढे मस्तक नमवावेच. परंतु शुश्रूषा करणाराने मरू नये, हीही शुश्रूषेचीच एक अट आहे, आणि ती पाळण्याचे ज्ञान तेव्हा कोणापाशीच नव्हते. पुढे तोच प्लेग कराड भागातही वर्षानुवर्षे येत राहिला. यशवंतराव चव्हाणांचे वडील त्यातच गेले.

दुसरी देवराष्ट्र्याची. सागरेश्वराच्या डोंगराजवळचे हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतरावही तेथेच जन्मले. १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी जन्मलेल्या आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी गेलेल्या रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणास धाडले, आणि त्याबद्दल समाजाचे जे ऐकून घ्यावे लागते ते सारे ऐकून घेतले. संस्थेच्या एका बक्षीससमारंभात आलवण नेसलेली, केशवपन केलेली एक विधवा पारितोषिक घेण्यास व्यासपीठावर चढली तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई तत्काळ उठल्या आणि त्यांनी त्या सुशिक्षितांची भर सभेत खरडपट्टी काढली. मला तो प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. जिला घरात सोवळी म्हणत, जिच्या हातचे पाणी देवाला चाले, तीच स्त्री आता परजातीच्या रोग्याची जखम धुणार होती, आणि सोवळे म्हणजे काय याचा निर्णय भटजीऐवजी उकळते पाणी करणार होते.

इकडे दक्षिणेस डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली सांगलीस आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. कराडकडची अवघड दुखणी पुढे रेल्वेत बसून तिकडे जाऊ लागली. तेथील परिचारिका प्रारंभी बहुतेक ख्रिस्ती असत, कारण इतर घरांतून मुलगी देण्याची तजवीज होईना. कायदा फार मागाहून आला: मुंबई इलाख्याचा परिचारिका-सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९३५चा, आणि भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७चा.

नाइटिंगेलबाईंच्या दिव्याचे गोडवे आपण गातो. पण आमच्या भागातील रात्रपाळीला उजेड दिला तो कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने. माझ्या परिचयातील एक वृद्ध परिचारिका सांगत की, सांज होण्यापूर्वी काच राखेने घासून पुसणे हे त्यांचे पहिले काम असे. काजळलेल्या काचेतून औषधाच्या बाटलीवरचे अक्षर वाचणे म्हणजे रोग्याचा जीव टांगणीला लावणे. काचेची सिरिंज, दट्ट्या वेगळा काढून, फडक्यात गुंडाळून उकळत ठेवायची; पाणी खदखदू लागल्यापासून वेळ मोजायची, चुलीवर ठेवल्यापासून नव्हे; आणि मध्येच एक सुई टाकली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायची. डॉक्टर दारात ताटकळत असला तरी ही मोजणी त्या तोडीत नसत.

त्याच बाईंनी एक गोष्ट हलक्या आवाजात सांगितली होती. एका रुग्णालयात भूल दिलेल्या रोग्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली गेली. शुद्ध नसलेल्याला चटका कळेना, आणि सकाळी पाहतात तो पोटरीवर फोड. कोणाला शिक्षा झाली की नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून नोंदवहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने एक ओळ आली: पिशवी आधी स्वतःच्या हाताला, मग फडक्यात, मग रोग्याला.

आज कराडात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, कृष्णा रुग्णालय आहे, तेथे परिचर्येचे महाविद्यालय आहे. सिरिंज एकदाच वापरून टाकून देतात आणि काचेचा कंदील कपाटातली शोभा झाला आहे. बाई निवृत्त होऊन कराडातच राहिल्या. घरी नवी बाळंतीण आली की नळाखाली कोपरापर्यंत हात धूत उभ्या असलेल्या त्यांना पाहून शेजारीण विचारी, "अजून सोवळं पाळताय व्हय, बाई?" बाई मान हलवीत, आणि साबण पुन्हा एकदा बोटांच्या बेचक्यांतून फिरवीत.