मागल्या बंपरची बखर

इतिहास नेहमी पुढच्या बाजूने लिहिला जातो. राजा आधी मिशीकडून दिसतो, घोडा आधी तोंडाकडून दिसतो आणि मोटार आधी दिव्यांकडून. जाहिरातीतली मोटार तर नेहमी आपल्या अंगावर चालून येत असते. पाठ फिरवून निघून जाणाऱ्या मोटारीचे चित्र छापायला कोण पैसे देणार? पण बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढल्यावर मला माणसे पाठीकडून वाचायची सवय लागली आहे. कर्ज मागायला येणारी माणसे समोरून सारखीच दिसतात, अत्यंत सज्जन. कर्ज घेऊन जाताना त्यांची पाठ पाहावी. हप्ते येणार की नोटिसा जाणार, ते तिथे लिहिलेले असते.

तेव्हा जीपगाडीच्या मागल्या बंपरचा इतिहास लिहायला माझ्याइतका लायक माणूस नाही. मी बी. कॉम. आहे आणि इतिहास दहावीतच सुटला, ही गोष्ट मी लायकीच्या बाजूलाच जमा धरतो. इतिहास शिकलेली माणसे असल्या विषयाकडे फिरकत नाहीत.

मराठी माणसाला खरे तर दोनच बंपर ठाऊक असतात. एक दिवाळी बंपर सोडतीचा आणि दुसरा फास्ट बोलरचा. पहिला कधी लागत नाही आणि दुसरा लागू नये म्हणून खाली वाकावे लागते. तिसरा बंपर मला भेटला तो मेहुण्यामुळे. त्याने एक जुनी जीप घेतली. एका रविवारी तो पुठ्ठ्याचे तीन तुकडे आणि मोजपट्टी घेऊन घरी आला आणि म्हणाला, “भाऊजी, मागचा बंपर कस्टम करून घ्यायचाय. कर्जाला तुम्ही जामीन राहा.” ‘कस्टम’ म्हटले की मला विमानतळावर पकडलेले सोनेच आठवते. किंमत ऐकल्यावर फारसा फरक वाटला नाही. पण जामीन राहायचे म्हणजे कशासाठी राहतो आहोत ते पाहायला हवे. म्हणून मी चौकशी सुरू केली आणि चौकशीची बखर झाली.

गोष्ट सुरू होते १९४० साली, अमेरिकेत. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि अमेरिकी लष्कराला चारही चाकांना जोर असलेली एक हलकी गाडी हवी होती. जुलै महिन्यात १३५ कारखान्यांना विचारणा गेली. अटी दोन. नमुना ४९ दिवसांत हवा आणि वजन १३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोंच्या आत. दाद दिली फक्त दोघांनी. सरकारी टेंडरांशी माझा जो थोडाफार परिचय आहे त्यावरून सांगतो, उरलेले १३३ अनुभवी असणार. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या कंपनीने मुदत मान्य केली. डबघाईला आलेला माणूस कोणतीही मुदत मान्य करतो, हेही मी काउंटरवरून पाहिलेले आहे. पण बँटमने शब्द पाळला. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दिवसरात्र बसून आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी बाल्टिमोरच्या होलाबर्ड तळावर हजर झाली. मुदत संपायला अर्धा तास उरला होता म्हणतात. ५९० किलोंचे स्वप्न मात्र कोणालाच साधले नाही, लष्करालाच वजनाची अट सैल करावी लागली.

मग जे व्हायचे तेच झाले. गाडी बँटमची, पण मोठ्या ऑर्डरी गेल्या विलीज आणि फोर्ड यांच्याकडे, कारण त्यांचे कारखाने मोठे. युद्धभर सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या निघाल्या. आणि बँटमने काय केले? जीपच्या मागे अडकवायचे छोटे ट्रेलर बनवले! ज्याने जीपला जन्म दिला त्याच्या वाट्याला तिची शेपटी आली. टिपण एकाने लिहावे, सही दुसऱ्याने करावी आणि पहिल्याने पुन्हा फायलीला नाडी बांधत बसावे, ही पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असे मला आजवर वाटत होते.

तो ट्रेलर अडकत असे तिथूनच आपल्या बंपरचा वंश सुरू होतो. युद्धातल्या जीपला मागे धड बंपर नव्हताच. दोन्ही कडांना कुड्यांसारखे दोन छोटे लोखंडी तुकडे आणि मधोमध एक दणकट हूक. पुढे मात्र आडवा, सबंध बंपर. मागून कोण धडकेल याची लष्कराला फारशी काळजी नसावी. मागे काय जोडायचे याची होती. त्या हुकाला ट्रेलर लागे, तोफ लागे आणि चिखलात रुतलेली दुसरी जीपही लागे. उजव्या अंगाला जादा चाक आणि डाव्या अंगाला इंधनाचा डबा. पुढे आठ दशके लोक जे बंपर घडवत बसले त्यांत या तीन वस्तूंपलीकडे फारसे काही नाही. हूक, चाक आणि डबा. बाकी सगळा रंग.

डब्याची कथा तर आपल्या वाटेवरून गेलेली आहे. जर्मन लष्कराने १९३७ च्या सुमारास २० लिटरचा एक डबा तयार केला. त्याला एक सोडून तीन मुठी. भरलेला डबा दोघांना मिळून धरता यावा आणि रिकामे दोन डबे एकाला एका हातात नेता यावेत म्हणून. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा अमेरिकी अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारतात यायला निघाला. वाटेत पाणी न्यायला काही नाही हे ध्यानात येताच त्या सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असले तीन डबे उचलून आणले. पाणी पिता पिता प्लाइसला कळले की हा डबा साधा नाही. त्याने तो अमेरिकेच्या लष्कराच्या नजरेस आणला, पण प्रथम कोणी मनावर घेतले नाही. इंग्रजांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे वाळवंटात इतके गळत की हाती लागलेले जर्मन डबे ते जिवापाड जपत. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो जेरीकॅन. शत्रूचे नाव आपल्याच गाडीच्या पाठीवर वागवायचे, हा मोठेपणा युद्धात डब्यालाच जमला.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, विलीजने शेतकऱ्यांसाठी जीप काढली, सीजे-२ए. शेतकऱ्याला माल भरायला मागे फळका हवा. फळका उघडायचा तर चाक वाटेत येते, म्हणून चाक बाजूला गेले. इथे बंपरघडणीचे मूळ भांडण जन्माला आले. मागे दार हवे की चाक? दार उघडले तर चाक आडवे आणि चाक ठेवले तर दार बंद. हे भांडण कसे मिटले ते पुढे येईलच.

१९४९ मध्ये जीप मुंबईला आली. सुट्या भागांच्या रूपात बोटीतून उतरून माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात तिची जुळणी होऊ लागली. पुढे ती इतकी आपली झाली की तिच्या पाठीवर मराठी संशोधनही झाले. त्या संशोधनाचे नाव वडाप. सातारा-सांगलीकडे ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत त्यांना सांगायला नको. मी २००६ साली एका तालुक्याच्या शाखेत होतो. तिथल्या वडापच्या जीपला मागे गावच्या वेल्डरने एक आडवी पायरी जोडलेली असे. आत माणसे किती, हा प्रश्न कोणी विचारत नसे. पायरीवर पाच-सहा जण उभे, वरच्या दांडीला हात, खांद्याला पिशव्या आणि एकाच्या काखेत कोंबडी. अमेरिकेने त्या जागी डबा आणि चाक ठेवले, आपण पाव्हणे ठेवले. चढावर जीपचे तोंड हलके होऊन सुकाणू लोण्यातून फिरल्यासारखे फिरे आणि चालक मागे वळून ओरडे, “ओ मास्तर, जरा आत सरका!” आत सरकायला जागा असती तर मास्तर बाहेर कशाला राहिले असते? त्या वेळी मला हा विनोद वाटे. पुढे कळले की तो पदार्थविज्ञानाचा नियम आहे. मागच्या चाकाच्याही मागे जितके वजन लटकेल तितके पुढचे चाक हलके होते आणि गाडी वळवायचे काम त्या चाकाकडे असते.

तिकडे अमेरिकेत जीपचा खेळ झाला. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउनहून ५५ जीपगाड्या आणि १५५ माणसे रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने डोंगर ओलांडून टाहो सरोवराकडे निघाली. कोणी बोलावले नव्हते, युद्ध नव्हते, वडापही नव्हते. हौस! ही हौस वाढली तशी चाके वाढली. काहींच्या गाड्यांना ३५ इंची, म्हणजे जवळजवळ तीन फुटी चाके आली. असले एक चाक रिमसकट सहज ४० किलोंच्या वर जाते. ते दारावर टांगले तर बिजागऱ्या रडू लागतात. तेव्हा लोकांनी ठरवले, चाक दारावर नको, बंपरवर घ्या. पण बंपर तसा हवा ना! मग तो घरीच घडवायचा. ऑस्ट्रेलियातही तेच. १९७५ मध्ये टोनी ब्राउन नावाच्या गृहस्थाने मेलबर्नला गॅरेजात गाड्यांचे बंपर आणि टपावरचे कठडे बनवायला घेतले. त्यातून एआरबी नावाची मोठी कंपनी उभी राहिली.

हा बंपर घडतो कसा, हे मेहुण्याने मला आमच्या दिवाणखान्यात समजावले. आधी पुठ्ठा. गाडीच्या पाठीला पुठ्ठा लावून कापायचा, दुमडायचा, सायलेन्सरचा पाइप अडतो का, नंबरप्लेट दिसते का ते पाहायचे. पुठ्ठा चुकला तर चार आण्याचे नुकसान, लोखंड चुकले तर जामीनदाराचे. मग पाचेक मिलिमीटर जाडीची प्लेट किंवा चौकोनी पाइप. तो गाडीच्या पत्र्याला नव्हे, चॅसीला बोल्टने आवळायचा. वेल्डिंग एकदम करायचे नाही, आधी टाके मारायचे. सलग वेल्डिंग केले की उष्णतेने लोखंड बाक घेते आणि सरळ बंपर केळ्यासारखा होतो. दोरीचा आकडा अडकवायच्या जाड पट्ट्या नुसत्या वरून चिकटवायच्या नाहीत, प्लेटला खाच पाडून आरपार घालून दोन्ही अंगांनी जोडायच्या. आणि दार-चाकाचे भांडण? ते एका युक्तीने मिटले. बंपरच्या कोपऱ्यावर ट्रेलरच्या चाकाचा आस उभा बसवायचा, त्यावर ग्रीस भरलेल्या बेअरिंगांचा हब आणि हबाला चाक वागवणारा दांडा. खटका काढला की चाकासकट दांडा वाड्याच्या दिंडीसारखा बाजूला उघडतो, मग दार उघडते. चाक रस्त्यावर फिरायचे, ते इथे आडवे होऊन दारवान झाले. ट्रेलरवाल्या बँटमचा आत्मा कुठेतरी शांत झाला असेल.

या सगळ्यावर देखरेख करतो एक कोन. मागच्या चाकाच्या टाचेपासून पाठीच्या सर्वांत खालच्या टोकाला टेकेल अशी रेघ काढली, की ती जमिनीशी जो कोन करते तो ‘डिपार्चर अँगल’. युद्धातल्या जीपचा तो ३५ अंश होता. खड्ड्यातून तोंड वर काढणे सोपे असते, शेपटी निघेल का ते हा कोन ठरवतो. बंपर खाली लोंबला की कोन घटला. म्हणून चांगला कारागीर बंपरच्या खालच्या कडा वर उचलून कापतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर बंपरवर जोडलेली प्रत्येक वस्तू एकीकडे जमा आणि दुसरीकडे नावे पडते. चाक मिळाले, सुकाणू हलके झाले. ताकद मिळाली, कोन गेला. ही खातेवही कोणालाही चुकत नाही, हौशी माणसाला तर नाहीच.

आणि एक नोंद लाल शाईने करायला हवी. रुतलेली गाडी ओढताना दोरी ट्रेलरच्या गोल गुंडीला अडकवू नये. ताणलेल्या नायलॉन दोरीपुढे ती गुंडी तुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. तिने ऑस्ट्रेलियात माणसे मेली आहेत. ज्या पट्टीला दोरी बांधायची ती पट्टी आणि तिचे वेल्डिंग ही दिखाव्याची गोष्ट नाही. तिच्या एका टोकाला आपण असतो आणि दुसऱ्या टोकाला आपल्याला सोडवायला थांबलेला कोणीतरी परका माणूस.

कायद्याचेही पान आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरच्या बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितले. रस्त्यावर पायी चालणाऱ्याला पोलादाशी गाठ पडायला नको आणि आत बसलेल्यांनाही त्याचा धोका नको, हे त्यामागचे कारण. पायी चालणाऱ्यांत मी स्वतः मोडत असल्यामुळे मला ते पटले. मेहुण्याला पटायला दोन रविवार लागले. हल्ली त्याचा बेत डबा-चाक-दिंडीवरून खाली आला आहे. कंपनीने दिलेला मूळ हूक तपासून, गंज खरवडून, बोल्ट नीट आवळून घ्यायचा एवढाच. त्याला कर्ज लागत नाही.

मला विचाराल तर या बखरीचे सार त्या मधल्या हुकातच आहे. पुढचा बंपर जगाला सांगतो, बाजूला व्हा, आम्ही येत आहोत. मागचा हूक कबूल करतो की आम्ही कधीतरी रुतणार आहोत आणि तेव्हा कोणीतरी दोरी लावावी लागेल. साडेसहा लाख जीपगाड्या युद्धावर निघाल्या तेव्हा लष्कराने प्रत्येकीच्या पाठीवर ही कबुली आधीच लटकावून पाठवली होती. बँकेत आम्ही या हुकाला जामीनदार म्हणतो. अर्जाच्या शेवटच्या पानावर, अगदी खाली, त्याची जागा असते. तिथे सही कोणाची आहे ते आम्ही पहिल्यांदा बघतो.