अपुलिया : एका तहानेल्या किनाऱ्याचा इतिहास

रोमचा इतिहास शिकवितांना दरवर्षीं कॅनीची लढाई येते. ख्रिस्तपूर्व २१६ त हॅनिबालनें आपल्याहून मोठ्या रोमन सैन्यास ओफांतो नदीच्या कांठीं कसें वेढून कापून काढलें, हें आम्ही फळ्यावर आकृति काढून सांगतों, आणि विद्यार्थीहि तें आवडीनें ऐकतात. एके वर्षीं मात्र मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, हीं सैन्यें ज्या शेतांतून गेलीं, त्या शेतांतले लोक काय खात असत?" वर्ग हंसला, आम्ही निरुत्तर झालों. त्या प्रश्नाचा माग काढीत गेलों, तेव्हां ह्या प्रांताचा इतिहास रणांगणापेक्षां चुलीपाशीं अधिक सांपडतो, असें दिसून आलें.

इटलीच्या बुटाची टांच ती अपुलिया. इटालियन लोक तिला पूल्या म्हणतात. एका अंगास एड्रियाटिक व दुसऱ्या अंगास आयोनियन समुद्र, मिळून सुमारें ८०० किलोमीटरांचा किनारा. समुद्र एवढा जवळ, पण पिण्याच्या पाण्याची मात्र ददात. जमीन चुनखडीची, पडलेला पाऊस भेगांतून खालीं मुरून जातो, आणि ओफांतो सोडली तर नांव घेण्याजोगी नदी नाहीं. ह्या प्रांताच्या सीमेवर वेनूशिया येथें ख्रिस्तपूर्व ६५ त जन्मलेला कवि होरेस यानें अपुलियेस तहानेली म्हटलें आहे. ही तहान भागण्यास १९१५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं पश्चिमवाहिनी सेले नदीच्या उगमाचें पाणी, अपेनाइन पर्वतांत बोगदा खणून, बारी शहरांत आणण्यांत आलें.

अशा ह्या कोरड्या भूमीवर राज्यकर्ते मात्र एकामागून एक आले. परंपरेप्रमाणें ख्रिस्तपूर्व ७०६ त स्पार्टाच्या लोकांनीं तारांतो वसविलें. मागून रोमन, बायझंटाइन, नॉर्मन व स्पॅनिश आले. गहूं, लोंकर आणि तेल हीच ह्या भूमीची संपत्ति, व तिच्यावर साऱ्यांचा डोळा. १४४७ त नेपल्सचा राजा आल्फान्सो यानें उत्तरेकडील तावोलिएरेचें विस्तीर्ण मैदान मेंढरांच्या हिवाळी चराईसाठीं राखून त्या चराईवर कर बसविला. हा बंदोबस्त १८०६ पर्यंत टिकला. म्हणजे साडेतीनशें वर्षें सरकारी खजिन्यास नांगरापेक्षां मेंढरूं अधिक प्रिय होतें! दक्षिणेस गाल्लीपोलीच्या परिसरांत खडकांत खोदलेले तेलाचे घाणे होते. तेथें निघणारें ऑलिव्हचें तेल मुख्यत्वें दिव्यांसाठीं जहाजांत भरून उत्तर युरोपांतील शहरांकडे जाई, आणि तें गाळणारे मजूर हिवाळ्याचे महिने त्या भुयारांतच काढीत.

मग गरिबाच्या ताटांत काय उरे? बाकला नांवाचें कडधान्य वाळवून, शिजवून व घोटून केलेलें पिठल्यासारखें कालवण, आणि त्याबरोबर रानांत आपोआप उगवणारी कडवट चिकोरीची भाजी. रव्यांत केवळ पाणी घालून, अंगठ्यानें दाबून, कानाच्या पाळीसारख्या वाट्या करीत; त्यांत अंड्याचाहि खर्च नाहीं. सर्वांत बोलका पदार्थ करपलेल्या गव्हाचा. सुगीनंतर जमीनदार शेतांतील धसकटें जाळीत. त्या राखेंत राहिलेले काळे दाणे गरिबांनीं वेंचावे, दळावे आणि चांगल्या पिठांत मिसळून पोट भरावें, अशी रीत होती असें तिकडे सांगतात. ज्या मैदानाचा गहूं दूरदूर जाई, त्याच मैदानांतील ही गोष्ट. तेथल्याच चेरिन्योला गांवीं १८९२ त शेतमजुराच्या घरीं जन्मलेला ज्युसेप्पे दि व्हित्तोरिओ बाप वारल्यामुळें लहानपणींच मजुरीस लागला व पुढें इटलीच्या कामगार-महासंघाचा मुख्य चिटणीस झाला. आज तोच करपलेला गहूं मुद्दाम भाजून तयार करतात, आणि उपाहारगृहांत शौकाचा पदार्थ म्हणून वाढतात. खाणाऱ्यास चव कळते. राख कळत नाहीं.

परक्यांच्या सैन्यांची वाट ह्या भूमीला हॅनिबालनंतरहि चुकली नाहीं. सप्टेंबर १९४३ त तारांतो बंदरांत आठवी हिंदी डिव्हिजन उतरली. तींत मराठा पलटणीचेहि जवान होते. तींहि बहुतेक शेतकऱ्यांचींच मुलें. तेथल्या शेतकऱ्याचें ताट त्यांना फारसें अनोळखी वाटलें नसावें.

राजे गेले, कर गेले, तेलाचे दिवेहि गेले. ऑलिव्हचे वृक्ष मात्र राहिले होते. परंतु २०१३ त गाल्लीपोलीच्याच आसपास झायलेला नांवाच्या सूक्ष्म जंतूचा रोग त्यांवर आढळला, आणि पुढील कांहीं वर्षांत लक्षावधि झाडें, त्यांत कित्येक शतकांचीं जुनीं, उभींच वाळून गेलीं. सम्राटांच्या स्वाऱ्यांनीं न झालेली हानि एका जंतूनें केली. ह्या हानीची नोंद लढायांच्या यादींत होणार नाहीं.

म्हणून आतां कॅनीची आकृति काढून झाली कीं फळा पुसण्यापूर्वीं आम्ही स्वतःच वर्गाला विचारतों : ह्या शेतांतले लोक काय खात असत? पहिल्यानें मुलें हंसतात. मग लिहून घेऊं लागतात.