सुटणारा सांधा

सुतारकामाची प्रतिष्ठा परंपरेने न सुटणाऱ्या सांध्यावर उभी आहे. कुसू खाचेत बसले, वरून पाचर ठोकली आणि सरस वाळला, की ते कपाट त्या वास्तूचे झाले. पुढे वाटण्या होवोत, घर विकले जावो, ते जागचे हलायचे नाही. परंतु ज्यांचा संसारच कूच आणि मुक्काम यांत विभागलेला होता, अशा राजपरिवारांना आणि लष्करी अंमलदारांना ही दृढता अडचणीची होती, आणि त्यांच्या गरजेतून, जोडलेले लाकूड पुन्हा उकलण्याची एक निराळी विद्या निपजली.

तिचा एक अतिप्राचीन नमुना १९२५ साली गीझा येथे, खुफू राजाची माता हेतेफेरेस हिच्या थडग्यात सापडला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, सुवर्णपत्र्याने मढविलेली ती मंडपाची चौकट दांड्या सुट्या करून हलविता येत असे, आणि सांध्यांच्या जागी लाकडाला तांब्याचे कवच दिलेले होते. म्हणजे सांधा जोडण्याने नव्हे तर वारंवार उकलण्याने झिजतो, हे त्या कारागिराला पुरते ठाऊक होते.

आपल्याकडे पेशव्यांची स्वारी निघे तेव्हा फरासखान्याचा लवाजमा राहुट्या, कनाती आणि बिछायती घेऊन चाले. बैठक गादी-तक्क्यांची असल्यामुळे ती गुंडाळली की काम भागे. खुर्ची-मेजावाचून ज्याचे भोजन होत नसे, त्या इंग्रज अंमलदाराची गोष्ट निराळी होती. तंबूतील सामान त्याने स्वखर्चाने आणावे असा रिवाज असल्याने विलायतेतील कारागीर त्याच्यासाठी दोन भागांत विभागणारी खणांची पेटी बनवू लागले. तिचे पाय आट्यांवर फिरवून काढता येत, कड्या कशात अडकू नयेत म्हणून फळीच्या पातळीत बुडविलेल्या असत, आणि कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या असत. पलंगाच्या बाजू लांब पेचाने खुरांशी आवळीत व तो पेच लाकडात दडविलेल्या चाकीत फिरे. पावसाळ्याच्या ओलाव्यात मऊ पडणाऱ्या सरसावर विसंबण्यापेक्षा धातूचा आधार घेणे अर्थातच शहाणपणाचे होते.

या परंपरेतील सर्वांत बुद्धिमान वस्तू, माझ्या मते, धातूच्या आधारानेही उभी नाही. ती म्हणजे रुडकी खुर्ची. बंगाल सॅपर्स या पलटणीचे ठाणे असलेल्या गावाचे नाव घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रचारात आली. तिच्या सांध्यांत सरस नाही, खिळा नाही. आडव्या दांड्यांची निमुळती गोल टोके पायांतील तशाच निमुळत्या भोकांत नुसती खोवलेली, आणि साऱ्यांना धरून ठेवणारे कॅनव्हासचे आसन. मनुष्य बसला, की त्याच्याच भाराने कापड ताणते व सांधे आवळतात; जमीन उंचसखल असली तर त्या सांध्यांतील मोकळिकीमुळे चारही पाय आपापली पातळी शोधून घेतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ साली आपली सफारी खुर्ची हिच्यावरूनच रचली.

व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांचा हेतू मात्र प्रवासाचा नसून व्यापाराचा होता. १८५९ सालच्या त्यांच्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत वाफेने वाकविलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच जिन्नस. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणजे गलबतावर हवेचे भाडे भरावे लागत नसे. येथे सांधा उकलण्यासाठी नव्हता. तो दूरच्या बंदरात, एकदाच, जोडण्यासाठी होता.

विसाव्या शतकात हाच हिशेब गिऱ्हाइकाच्या दारी पोचला. आयकियाच्या यिलिस लुंडग्रेन यांनी १९५६ च्या सुमारास मोटारीत मावेना म्हणून मेजाचे पाय काढले, ही कथा प्रसिद्ध आहे. पण पायांपेक्षा मोठी अडचण लाकडाच्या जातीची होती. चिपा व भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाला रेषा नसते; त्याच्या कडेत घातलेला साधा स्क्रू दोन-चार वेळा काढला-घातला, की भोकाचा भुगा होतो. तेव्हा भार कडेवरून काढून फळीच्या अंगावर नेण्यात आला: एका फळीत डोके असलेली पोलादी दांडी, दुसरीत सामान्यतः पंधरा मिलिमीटर व्यासाच्या भोकात विकेंद्री चकती, आणि पेचकसाने अर्धा फेरा दिला की चकती दांडीला ओढून घेते. ती ओढते, पण फळ्या रेषेत राखीत नाही. ते काम शेजारची लाकडी खुंटी करते, आणि ही खुंटी फालतू समजून फेकून देणारे गृहस्थ पुढे डुगडुगत्या कपाटाचा दोष कारखान्याला देतात.

घर बदलताना कपाट उकलायचे असेल तर चकती बरी. जाड आट्यांचा कन्फर्मॅट स्क्रू पकडीला अधिक भक्कम, पण त्याचे डोके बाहेर दिसते आणि वरचेवर फिरविणे बोर्डाला मानवत नाही. कूस बदलणाऱ्या माणसाचा ताण रोज रात्री सोसणाऱ्या पलंगाला मात्र या दोहोंपैकी एकही पुरत नाही. तेथे आजही लांब पेच आणि लाकडात आडवी दडविलेली दंडगोल चाकी हीच जोडी वापरतात, फक्त पेचाच्या डोक्यावरचे पितळेचे झाकण गेले आणि हाती षट्कोनी चावी आली.